शेवटच्या ओळीनंतरचा स्वल्पविराम

वीजपुरवठा कार्यालयाच्या नकाशा विभागात तीन टेबलं, एक भलामोठा प्रिंटर आणि पट्टीताई, एवढाच संसार होता. बाकीच्या दोन टेबलांवरची माणसं एकेक करून निवृत्त झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यामुळे टेबलं तीन असली तरी काम एकट्या ताईंच्या गळ्यात होतं.

पट्टीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी हातानं नकाशे काढले. स्टीलची लांब पट्टी हाताला अशी चिकटलेली असायची की जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ती काखेत घेऊन त्या डबा खायला जायच्या. आरोग्य केंद्रातली सिस्टर त्यांना चिडवायची, "दिवसभर पट्ट्या मी बांधायच्या आणि नाव मात्र तुमचं!"

त्या चोपन्न वर्षांच्या झाल्या आणि त्यांच्या पुढ्यात कॉम्प्युटर आला. साहेब मूळचे इंजिनिअर, माणूस भला, पण बोलणं मोजकं. म्हणाले, "ताई, आता नकाशे यातूनच निघणार. पण एकेक नकाशा हातानं जुळवत बसलात तर वर्ष पुरायचं नाही. पायथन म्हणून एक भाषा आहे. तेवढी शिकून घ्या." येताना अर्धा लिटर दूध घेऊन या, म्हणावं तसं त्यांनी सांगितलं आणि ते मीटिंगला निघून गेले.

त्या संध्याकाळी ताईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. "या वयात कसली भाषा शिकू गं? मला घरच्या टीव्हीचा रिमोट कळत नाही." पलीकडे काही खुडबुड झाली आणि फोनवर भाची आली. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कामात होती, चार दिवस आईकडे आली होती.

"मावशी, रडून झालं की सांग. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉलवर बसू. दर रविवारी."

"अगं, तुझी सुट्टी..."

"माझी सुट्टी माझ्याकडे राहू दे. तू वही घेऊन बस."

आणि खरंच, पुढचे आठ महिने तिनं एक रविवार चुकवला नाही. एकदा तर ताप अंगात असताना पांघरूण घेऊन बसली आणि खोकत खोकत शिकवत राहिली. ताईंना ते कधी विसरता आलं नाही. आपल्या पोटच्या मुलानंही एवढा वेळ दिला नसता, असं त्या कौतुकानं सांगायच्या. मुलगा समोर बसला असला तर आणखी मोठ्यानं सांगायच्या.

नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुठल्या भागातली वीज कधी जाणार, कुठली घरं त्यात येतात, ते तिथं लिहायचं. ताईंनी पहिल्यांदा स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमधून, म्हणजे पायथनमधल्या सूचनांच्या फाइलमधून, नकाशा काढला तेव्हा त्या चौकटीत घरांचे नंबर उमटले खरे, पण दोन्ही बाजूंना चौकोनी कंस. वायरमननं नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"ताई, या घरांनी गुन्हा काय केला? सगळी गजांआड घातलीत ती!"

सगळं ऑफिस दोन दिवस हसलं. रविवारी भाचीही हसली, पण समजावून सांगितलं. "तू यादी जशीच्या तशी छापलीस. पायथन ती घरच्या कपड्यांत दाखवतो. चारचौघांत पाठवायची तर तिला नीट करून पाठवायचं. मधे काय ठेवायचं ते आधी सांग, म्हणजे एक स्वल्पविराम आणि थोडी मोकळी जागा. मग जॉईन म्हण. दर दोन नंबरांच्या मधे तो स्वल्पविराम ठेवतो, शेवटच्यानंतर ठेवत नाही."

"आणि हे लाल अक्षरांत काय ओरडतोय?"

"तू नुसते आकडे दिलेस. जॉईनला अक्षरं लागतात. सगळे नंबर अवतरणचिन्हांत घाल. तुमच्याकडे सत्तावीस-अ अशी घरं आहेतच, तीही बसतील."

ताईंनी वहीत लिहून घेतलं. हळूहळू त्यांना यात गोडी लागली. पूर्वी एका नकाशावरची यादी हातानं लिहायला अर्धा तास जायचा आणि एखादं घर राहिलं की सगळा कागद बाद. आता पापणी लवते न लवते तो यादी तयार. शिवाय चूक झाली की पायथन लगेच लाल अक्षरांत ओरडतो. ओरडला नाही म्हणजे सगळं बरोबर, अशी त्यांची खात्री झाली. तिथंच त्या फसल्या.

गावात काही घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेले पेशंट होते. मशीन विजेवर चालतं. वीज बराच वेळ जाणार असली की आरोग्य केंद्र त्या घरांना सिलिंडर द्यायचं आणि ते पोचवायला वीज कार्यालयाची गाडी जायची. कुठं जायचं, ते ताईंचा नकाशा सांगायचा. घरांवर लाल ठिपके, कोपऱ्यात नंबरांची यादी. घरांचे नंबर सिस्टर फोनवर सांगायची आणि ताई ते स्क्रिप्टमध्ये एकाखाली एक टाइप करायच्या.

त्या खेपेला तळ्यामागच्या वसाहतीतली जुनी केबल बदलायची होती. मंगळवारी सकाळी नऊपासून चारपर्यंत वीज बंद. सोमवारी दुपारी साडेचारला सिस्टरचा फोन आला. "ताई, एक घर वाढलं. बेचाळीस नंबर. तिथल्या आजींना कालच मशीन दिलंय. आता आठ झाली."

"घातलं म्हणून समज," ताई म्हणाल्या.

यादीच्या तळाशी शेवटचं घर होतं एकतीस. त्याखाली नवी ओळ घेऊन त्यांनी बेचाळीस टाइप केलं, अवतरणचिन्हं आठवणीनं दिली आणि स्क्रिप्ट चालवली. पायथन ओरडला नाही. प्रिंटर घरघरला, नकाशा बाहेर आला. ताईंनी त्याची घडी घातली, ड्रायव्हरच्या कप्प्यात ठेवली आणि पाच वाजता त्या घरी गेल्या.

झालं होतं ते एवढंच. एकतीस हे शेवटचं घर होतं, म्हणून त्याच्यापुढे स्वल्पविराम नव्हता. त्याखाली नवं घर आलं तेव्हा तो द्यायचा राहिला. आणि पायथनची रीत अशी की अवतरणचिन्हांतले दोन नंबर एकापाठोपाठ आले आणि मधे स्वल्पविराम नसला, तर तो मुकाट्यानं ते चिकटवून टाकतो. एकतीस आणि बेचाळीस या दोन घरांचं मिळून एक घर झालं, नंबर ३१४२. असं घर वसाहतीत नव्हतंच, त्यामुळे त्यावर ठिपका कुठला पडणार? नकाशावर सहा ठिपके पडले. कोपऱ्यातली यादी मात्र दिसायला अगदी ऐटबाज होती: १४, २७-अ, ५६, ७१, ९०, ११८, ३१४२.

गाडीवर ब्रेककाका होते. गाडी चालवण्यापेक्षा थांबवण्यावरच त्यांचा भर, म्हणून हे नाव पडलेलं. बोलायला कमी, वागायला शिस्तीचे. मंगळवारी आठ वाजता आरोग्य केंद्राच्या दारात सिस्टरनं आठ सिलिंडर मोजून गाडीत चढवून दिले. काकांनी ते पट्ट्यांनी आवळले आणि वसाहतीत शिरले. चौदापासून सुरुवात केली. प्रत्येक घरी सिलिंडर उतरवायचा, जोडून द्यायचा, काटा बघायचा. एकशे अठराचं काम उरकून ते गाडीत बसले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि वीस मिनिटांपूर्वीच वसाहतीतले पंखे थांबले होते.

काकांनी यादी वाचली. एकच घर राहिलं होतं. मागे वळून पाहिलं तर गाडीत दोन सिलिंडर.

दुसरा कुणी असता तर एक जास्तीचा दिला असेल म्हणाला असता. काकांना सिस्टर ठाऊक होती. ती मोजायला चुकणारी नव्हती. त्यांनी पुन्हा यादी पाहिली. एकतीसशे बेचाळीस. वसाहत तर एकशे ऐंशीला संपते.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. ताई जागेवर नव्हत्या; केबलच्या खड्ड्यापाशी वायरमनला जुने नकाशे दाखवत उभ्या होत्या आणि शेजारी रस्ता फोडायचं मशीन धडधडत होतं. मोबाइल पर्समध्ये वाजून वाजून थांबला. सिस्टरचा फोन लागेना. मग काकांनी खिशातलं पेन काढलं आणि तो आकडा नकाशाच्या पाठीवर लिहिला. घरं दोन, हे नक्की. मग हा आकडा कुठं तोडायचा? तीनशे चौदा आणि दोन? तीनशे चौदा नंबर नाहीच. तीन आणि एकशे बेचाळीस? की एकतीस आणि बेचाळीस?

एकशे बेचाळीस जवळ होतं. काका तिथं गेले. एका गृहस्थानं दार उघडलं, तोंडावर दाढीचा साबण. "मशीन? नाही हो, आमच्याकडे कुणी आजारी नाही."

"बरं झालं," काका म्हणाले आणि वळले. म्हणजे एकतीस आणि बेचाळीस. दोन्ही वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी त्या रस्त्यावरच्या लोकांनी ब्रेककाकांची गाडी पहिल्यांदाच धावताना पाहिली.

एकतीस नंबरात पोहण्याचे मास्तर राहायचे. गावातल्या तलावावर चाळीस वर्षं त्यांनी पोरापोरींना पोहायला शिकवलं होतं, पाण्याखाली श्वास कसा धरायचा ते शिकवलं होतं. आता त्यांचीच फुप्फुसं दगा देत होती. घरात एक छोटा जादा सिलिंडर होता, जेमतेम अर्ध्या तासाचा. सिलिंडर येणार असा निरोप सिस्टरनं आदल्या दिवशी दिला होता, म्हणून मास्तरांच्या पत्नी, काकू, आधी निर्धास्त होत्या. नऊ वाजले, मशीन ओरडून बंद पडलं. काकूंनी छोटा सिलिंडर लावला आणि आरोग्य केंद्राला फोन करत बसल्या. सव्वानऊ. साडेनऊ. फोन लागत नव्हता. शेजारीपाजारी कामाला गेलेले.

मास्तर खुर्चीत पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसले होते. त्यांनी खुणेनं काकूंना सिलिंडरची चावी कमी करायला सांगितलं. ओठांचा चंबू करून ते सावकाश श्वास सोडत होते आणि प्रत्येक श्वासाला बोटानं गुडघ्यावर ताल देत होते. घाबरून श्वास वाढला तर हवा लवकर संपते, हे त्यांनी जन्मभर इतरांना सांगितलं होतं.

नऊ चाळीसला दारात काका उभे राहिले, खांद्यावर सिलिंडर.

"कुठं होतात तुम्ही?" काकू किंचाळल्याच.

"आधी जोडू द्या," काका म्हणाले.

मास्तरांच्या ओठांची निळसर झाक उतरेपर्यंत काका काट्यावरून नजर न काढता बसून राहिले. मग बेचाळीसला गेले. तिथल्या आजींना मशीन फक्त झोपताना लागायचं. त्या खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. "आलात? ठेवा तिकडे," म्हणाल्या.

ताईंचा फोन लागला तेव्हा दहा वाजून गेले होते.

"ताई, तुमच्या यादीत एक स्वल्पविराम गळालाय," काका म्हणाले. "एकतीस आणि बेचाळीस चिकटलेत. आता दोन्हीकडे पोचलंय. काळजी नको. पण एकतीसला थोडक्यात निभावलं."

ताईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. खड्ड्याच्या कडेला मातीच्या ढिगावर त्या मटकन बसल्या. वायरमननं पाणी आणून दिलं. ते प्यायल्या आणि उठल्या. नकाशांची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि चालत सुटल्या.

एकतीस नंबरचं दार उघडंच होतं. ताई उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"काकू, मी वीज कार्यालयातून आले. नकाशा मी काढते. आजची चूक माझी आहे."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची? चाळीस मिनिटं मी या माणसाचं तोंड बघत बसले होते. तुम्हाला काय, एक आकडा इकडचा तिकडे झाला! माझं अख्खं घर होतं ते."

ताईंनी मान खाली घातली. काकू आणखी बोलल्या, बरंच बोलल्या. मग त्यांचा आवाज फाटला आणि पदरात तोंड घालून त्या रडायला लागल्या. तेव्हा मात्र ताई उंबरा ओलांडून आत गेल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

"अगं, पुरे आता," खुर्चीतून मास्तर म्हणाले. नाकाशी नळी, आवाज खोल गेलेला, पण डोळे मिश्कील. "चूक करून दारात येऊन सांगणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच बघतोय. चहा टाक त्यांना." मग ताईंकडे वळून म्हणाले, "मी दोन मिनिटं श्वास धरायचो, माहीत आहे? सगळं गाव टाळ्या वाजवायचं. आज कुणी बघायला नव्हतं, एवढंच वाईट वाटलं."

ताईंना हसू आलं आणि त्याबरोबर इतका वेळ अडवून धरलेलं रडूही आलं. तो चहा त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून घेतला. त्या घरानं आपल्याला हाकलून दिलं असतं तरी ते बरोबरच ठरलं असतं, हे त्यांना कळत होतं. हाकललं नाही, याचे उपकार त्यांनी मनोमन मानले.

ऑफिसात परतल्यावर त्या थेट साहेबांकडे गेल्या आणि घडलेलं सगळं लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "कुणी तक्रार केलेली नाही. तरी लिहून देताय?"

"दिलं नाही तर पुन्हा होईल."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "मग पुन्हा होणार नाही यासाठी काय लागेल ते सांगा. वेळ लागला तर वेळ घ्या."

ओरडा पडेल अशी ताईंची तयारी होती. वेळ मिळेल अशी नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी भाचीला फोन केला. रविवार नव्हता, तरी तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, यात माझीही चूक आहे. मी तुला हे सांगायलाच हवं होतं. शेवटच्या ओळीनंतरही स्वल्पविराम देत जा. पायथनला चालतो. मग खाली कितीही घरं वाढव, कुणी कुणाला चिकटणार नाही."

"चालतो? शेवटी काही नसताना?"

"चालतो. आणि आता घरं स्क्रिप्टमध्ये लिहायचीच नाहीत. वेगळ्या फाइलमध्ये, एका ओळीवर एक. स्क्रिप्टनं ती वाचायची, प्रत्येक घर नकाशावर सापडतंय का बघायचं, सिस्टरनं सांगितलेल्या संख्येशी मोजून बघायचं, आणि जुळलं नाही तर छापायलाच नकार द्यायचा. आपण त्याला ओरडायला शिकवू."

तीन संध्याकाळी दोघी बसल्या. बहुतेक ओळी ताईंनी स्वतः लिहिल्या. भाची फक्त "हं" आणि "अं हं" म्हणत होती. शेवटी ताईंनी मुद्दाम यादीत एक भलतंच घर घातलं. पायथन लाल अक्षरांत ओरडला आणि त्यानं नकाशा छापला नाही. एवढा सुंदर ओरडा आपण आयुष्यात ऐकला नाही, असं त्यांना वाटलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका भागात वीज बंद होती. अकरा घरं. ब्रेककाका नकाशा घ्यायला आले तेव्हा ताईंनी त्यांना खुर्ची दिली. "काका, निघण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. मी ठिपके मोजते." काका एकेक नंबर वाचत गेले, स्वल्पविरामाशी थांबत गेले. अकरा नंबर, अकरा ठिपके, गाडीत अकरा सिलिंडर. दुपारी बाराच्या आत सिस्टरचा फोन आला, सगळीकडे पोचलं म्हणून.

त्याच आठवड्यात ताई पुन्हा साहेबांकडे गेल्या. "ड्रायव्हरच्या फाइलमध्ये चांगलं काही लिहायची सोय आहे का?"

साहेबांनी फाइल मागवली, चाळली. "तक्रारीचा रकाना आहे. चांगल्याचा नाही दिसत." मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही लिहा. मी सही करतो. रकाना नसला तर पान जोडू."

ताईंनी ते पान हातानं लिहिलं, नकाशावर लिहायच्या त्या सुबक अक्षरात. काय घडलं, किती वाजता घडलं, काकांनी आकडा कसा तोडून पाहिला, कुठल्या घरी आधी गेले, कुठल्या घरी वेळेत पोचले. एकतीस नंबरचे गृहस्थ आज हयात आहेत ते या ड्रायव्हरच्या विचारामुळे आणि त्यांचं ऋण हे कार्यालय मानतं, असं शेवटी लिहिलं. साहेबांनी सही केली आणि शिक्का मारला.

काकांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"एवढं कशाला लिहिलंत, ताई? दोन सिलिंडर उरले म्हणून विचार केला, इतकंच."

"तेवढाच करायचा होता, काका. मी तोही केला नव्हता."

काकांनी कागदाची घडी घालायला घेतली, मग थांबले. "हा फाइलला जाणार ना? मग मला याची एक झेरॉक्स मिळेल का? लेकीला पाठवीन म्हणतो. ती लांब असते."

"एक कशाला," ताई म्हणाल्या, आणि कागद घेऊन मशीनकडे गेल्या. त्यांनी चार प्रती काढल्या.